काडतुसाचा वेग, चोक आणि छऱ्यांचा पॅटर्न : कागदावर पडताळणी कशी करावी

ट्रॅप नेमबाजीत, म्हणजे दूर जाणारे क्ले (हवेत उडवलेल्या चकत्या) छऱ्यांच्या बंदुकीने फोडण्याच्या खेळात, चोक कोणता लावावा आणि काडतूस किती वेगाचे घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक नवे नेमबाज चोकवरच्या खुणेवरून आणि डब्यावरच्या आकड्यावरून ठरवतात. ही दोन्ही माहिती उपयोगी असली, तरी त्या विशिष्ट बंदुकीतून ते विशिष्ट काडतूस प्रत्यक्षात काय करते, हे केवळ कागदावर गोळी झाडूनच कळते. ही पडताळणी परवानाधारक बंदुकीने आणि अधिकृत रेंजवर, तेथील अधिकाऱ्यांच्या संमतीनेच करावी.

आधी चोकचे काम समजून घ्यावे. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो आणि चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी तो व्यास किंचित कमी करणारा भाग. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये हे आकुंचन सुमारे पाव मिलिमीटर, मॉडिफाइडमध्ये अर्धा मिलिमीटर, तर फुलमध्ये एक मिलिमीटरच्या आसपास असते. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, ७६ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात काडतुसातील किती छर्रे पडतात यावरून चोक ओळखण्याची जुनी रीत आहे : सिलिंडरचे ४० टक्के, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे ५०, मॉडिफाइडचे ६० आणि फुलचे ७०. मात्र ही टक्केवारी नळी, चोक आणि काडतूस या तिघांच्या मेळातून येते. म्हणूनच मॉडिफाइड लिहिलेला चोक एखाद्या चांगल्या काडतुसाबरोबर फुलसारखा वागतो आणि हलक्या दर्जाच्या काडतुसाबरोबर बराच सैल पडतो.

वेगाचा परिणाम याहून फसवा आहे. छर्रे जितक्या जोराने पुढे ढकलले जातात, तितका मागच्या थरातील छऱ्यांवर पुढच्यांचा दाब वाढतो आणि मऊ शिशाचे छर्रे चपटे होतात. चपटा छर्रा हवेत लवकर मंदावतो आणि बाजूला भरकटतो. त्यामुळे वेग वाढला की बहुधा पॅटर्नच्या, म्हणजे कागदावर पडणाऱ्या छऱ्यांच्या पसाऱ्याच्या, कडा विस्कटतात व मध्यभाग विरळ होतो. शिशात अँटिमनी मिसळून छर्रे कठीण केले आणि त्यांना प्लास्टिक वॅडच्या (दारू आणि छर्रे यांमधील बुचाच्या) पेल्यात ठेवले, तर हे नुकसान बरेच कमी होते. म्हणून वेगवान काडतूस घ्यायचेच असेल, तर कठीण छऱ्यांचे घ्यावे. शिवाय गोल छऱ्याचा वेग हवेत फार झपाट्याने घटतो आणि अधिक वेगाने सुटलेला छर्रा अधिक झपाट्याने मंदावतो, त्यामुळे नळीच्या तोंडाशी असलेल्या फरकातील निम्म्याहून अधिक भाग ३५ मीटरपर्यंत विरून गेलेला असतो. धक्का मात्र पूर्ण वाढतो, आणि दुसरा बार टाकताना तो जाणवतो. थोड्या जादा वेगासाठी दाट पॅटर्न गमावणे मला कधीच योग्य वाटत नाही.

पडताळणीसाठी किमान १.२ मीटर लांबी-रुंदीचा कागद मऊ चौकटीवर लावावा. मागे दगड, लोखंडी पत्रा किंवा छर्रे उलटे फेकणारे काहीही नसावे. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण हवेच. चोक बदलताना आणि कागदाकडे जाताना बंदूक रिकामी व उघडी असावी, आणि चोक पूर्ण आवळला आहे की नाही हे दर थोड्या बारांनंतर रिकाम्या बंदुकीत पाहावे. पोलादी छर्रे असतील, तर ते ज्या चोकसाठी चालतात असे उत्पादकाने सांगितले आहे तोच वापरावा.

कागदाच्या मध्यावर ठळक ठिपका काढून, ज्या अंतरावर आपण क्ले फोडतो त्याच अंतरावरून एक बार टाकावा. मग सर्वांत दाट भागाभोवती ७६ सेंटीमीटरचे वर्तुळ आखून आतली भोके मोजावीत. एकूण छऱ्यांची संख्या त्याच खेपेतील काडतुसांची लागते. ती जाणकाराकडून मोजून घ्यावी. साडेसात नंबरच्या (हा छऱ्यांच्या आकाराचा क्रमांक) २४ ग्रॅम काडतुसात ती साधारण २९५ असते, म्हणजे ७० टक्क्यांना सुमारे २०६ भोके. वर्तुळाचे केंद्र ठिपक्यापासून किती सरकले आहे हेही टिपावे, कारण बंदूक वर किंवा बाजूला मारत असेल, तर चोक बदलून काही साधणार नाही.

टक्केवारीइतकेच महत्त्व रिकाम्या जागांना आहे. दूर जाणारा क्ले नेमबाजाला ११ सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम अडीच सेंटीमीटर उंच अशा पट्टीसारखा दिसतो. त्या आकाराची पुठ्ठ्याची पट्टी कापून ती वर्तुळात फिरवावी आणि जिथे तिच्याखाली एकही भोक येत नाही अशा जागा मोजाव्यात. स्कीट या क्ले नेमबाजीच्या दुसऱ्या प्रकारात क्ले साधारण वीस मीटरवर फुटतो, तिथे पॅटर्न रुंद लागतो, म्हणून तिथला निष्कर्ष ट्रॅपला लावू नये.

एका कागदावरून मत बनवू नये. एकाच काडतुसाचे दोन बारही बरेच वेगळे पडतात. चोक व काडतुसाच्या प्रत्येक जोडीचे किमान पाच, शक्यतो दहा कागद घ्यावेत आणि एका वेळी चोक किंवा काडतूस यांपैकी एकच गोष्ट बदलावी. अधिकाधिक अरुंद चोक लावत गेले की एका टप्प्यानंतर टक्केवारी वाढत नाही, क्वचित घटतेही. तिथे एक पायरी मागे यावे. काडतुसांची नवी खेप किंवा वेगळा वॅड आला, की काही कागद पुन्हा झाडावेत आणि जुन्या कागदांवर तारीख, अंतर, चोक व खेपेचा क्रमांक लिहून ते जपून ठेवावेत.