क्रोशाच्या लेसला झालर पडते? या चुका टाळा

लेस विणून झाली, रुमाल टेबलावर पसरला आणि कडा लाटांसारखी उठली की आपण नमुन्याला दोष देतो. नमुना बहुतेक वेळा बरोबर असतो. चूक होते पहिल्या फेरीत, मुक्या खांबांच्या (म्हणजे क्रोशाच्या बुटक्या टाक्यांच्या), जी आपण ‘लेसखाली झाकली जाईल’ म्हणून घाईत उरकतो.

कड लाटांसारखी उठली तर टाके जास्त झालेत, वाटीसारखी आत ओढली तर कमी पडलेत. म्हणून अंदाजाने विणू नका. कापडाच्या कडेवर आधी १० सेंमी मुके खांब विणा, सपाट बसले का पाहा, मग मोजा. समजा ४० बसले. बाजू ३५ सेंमीची असेल तर १४० लागतील. शंखाच्या नमुन्याला ६ च्या पटीत अधिक १ इतके टाके लागत असतील तर १३९ (६ × २३ + १) घ्या. तो एक टाका बाजूच्या मध्यावर गाळा, कोपऱ्याजवळ नको, तिथे नजर आधी जाते. कोपऱ्याच्या एकाच भोकात ३ मुके खांब घाला, एकच घातला तर कोपरा दुमडतो. त्यातल्या मधल्यावर रंगीत दोरा बांधून ठेवा आणि तो कुठल्याच बाजूच्या मोजणीत धरू नका.

विणलेल्याच तुकड्याला लेस लावत असाल तर गडबड ओळींच्या टोकांवर होते. मुक्या खांबांच्या ओळीला १ टाका, खांबांच्या (उंच टाक्यांच्या) ओळीला २.

भाचीच्या रुखवतासाठी मी गांधीबागेतून पांढरी खादी आणली होती. लग्न तोंडावर आलेलं, म्हणून न धुताच लेस लावली. मांडवात सगळ्यांनी हात लावून पाहिली. पहिल्याच धुण्यात खादी आटली, लेस होती तेवढीच राहिली आणि चारही कडांना चुण्या पडल्या. माझा जीव हळहळला. दोन रात्री बसून सगळं उसवलं. तेव्हापासून कापड धुवून, वाळवून, इस्त्री केल्याशिवाय सुई हातात घेत नाही. आपल्या नागपुरात एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकलेलं कापड वाळायला वेळ तो कितीसा लागतो! दोरा रंगीत असेल तर त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रंग उतरतो का तेही बघा.

घट्ट विणीच्या कापडात क्रोशाची सुई जबरदस्तीने खुपसू नका, धागे तुटून भोकं पडतात. शिवणाच्या सुईने काजाचे टाके घाला आणि त्या फासांतून पहिली फेरी उचला. दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. २० ऐवजी ४० नंबर घेतला तर सुईही बारीक हवी आणि मोजणी नव्याने करायची.

उन्हाळ्यात तळहाताला घाम सुटतो, दोरा बोटावर अडकतो, टाके आवळले जातात. एक बाजू भर दुपारी आणि दुसरी पहाटे विणली तर फरक डोळ्यांना दिसतो. मांडीवर सुती फडकं ठेवा, हात पुसत राहा.

झालर पडलेलीच असेल तर लेस ओली करून टॉवेलवर उलटी पसरा, प्रत्येक टोकाला न गंजणारी टाचणी लावा आणि पूर्ण वाळू द्या. हलकी लाट यानेच बसते, पिकोही (कडेचे छोटे फासे) छान उघडतात. कडकपणा हवा असेल तर भाताची पातळ पेज गाळून लावा. टाचण्या काढल्यावर कड पुन्हा उठली, तर पहिल्या फेरीपर्यंत उसवा आणि टाके मोजा.