शिरोलीत नोकरी करता करता ऑनलाईन एमबीए: माझं काय काय झालं

गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी मला एकच विचारलं, "ताई, ते ऑनलाईन डिग्रीचं कसं असतंय?" त्यातल्या एकाला तर मी गाडीला किक मारता मारता पार्किंगमध्ये अर्धा तास सांगत उभी होते, म्हणून म्हटलं आता एकदाच सगळं लिहून टाकावं.

तर मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. बीसीएस केलं, दोन वर्षं राजारामपुरीत एका छोट्या सॉफ्टवेअरवाल्याकडं होते, मग लग्न, मग मुलगी, मग ही नोकरी. आठ वर्षं ईआरपी (कंपनीचं सगळं काम ज्यात नोंदवतात ते सॉफ्टवेअर) आणि एक्सेल सांभाळल्यावर असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली आणि मला सांगितलं की पीजी पाहिजे. बाहेरून एक मुलगा आला, पोरगा चांगला होता, त्याच्यावर राग नाही, पण त्याला आमचं ईआरपी तीन आठवडे शिकवलं कुणी, तर मीच. त्या तीन आठवड्यांत माझं ठरलं.

पण लगेच फी भरायला धावू नका. मी आधी एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाईन कोर्सच्या पोर्टलवर, डेटाबेसचा आठ आठवड्यांचा कोर्स केला. शिकायला फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपये, आणि परीक्षा सेंटरला जाऊन द्यायची. असाइनमेंटला २५ टक्के वजन, परीक्षेला ७५. हे मी सर्टिफिकेटसाठी केलं नाही, मला बघायचं होतं की दिवसभर शॉप फ्लोअरवर ओरडून आल्यावर माझं डोकं अभ्यासाला बसतंय का. तिसऱ्या आठवड्यात असाइनमेंटची तारीख हुकली, रडायला आलं, पण शेवटी पास झाले. ज्यांना हे आठ आठवडे जमत नाहीत त्यांनी दोन वर्षांचे पैसे भरायच्या आधी थांबलेलं बरं, उगाच गोड बोलत नाही.

मग कोर्स शोधणं. कुठल्यातरी साईटवर एकदा नंबर टाकला आणि संपलं, दिवसाला सहा सहा फोन. "मॅडम आजच सीट लॉक करा, उद्या स्कॉलरशिप संपतीय." एकानं तर इतकं छान समजावलं की मी गुगल पे उघडलंच होतं, तेवढ्यात नवरा म्हणाला, यूजीसीची यादी बघितलीस का. यूजीसी म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था. बघितली. विद्यापीठ यादीत होतं, पण मला जो कोर्स विकत होते तो त्या सेशनला यादीतच नव्हता. नवीन माणूस इथंच फसतो. मान्यता नुसती विद्यापीठाला नसते, प्रोग्रॅमनिहाय आणि सेशननिहाय असते, ती यूजीसीच्या डीईबी (डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो) पोर्टलवर स्वतः बघायची, काउन्सेलरनं पाठवलेल्या पीडीएफवर नाही. आणि ऑनलाईन बी.टेक. कुणी विकत असेल तर फोन ठेवून द्या, यूजीसीच्या २०२० च्या नियमांत इंजिनीअरिंगची डिग्री ऑनलाईन किंवा डिस्टन्सनं देताच येत नाही. एमबीए, एमसीए चालतं.

दुसरा प्रश्न सगळ्यांचा, "ती डिग्री चालते का?" मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाईन डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आमच्या एचआरला मी त्या नोटिशीची प्रिंट काढून दिली, लॅमिनेट करून, थोडा खवचटपणा होता त्यात.

मी २०२३ च्या जुलै सेशनला घेतलं. आता जे घेणार आहेत त्यांना एक पायरी जास्त आहे, सप्टेंबर २०२४ पासूनच्या ॲडमिशनला डीईबी आयडी लागतो आणि तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, आपले शिक्षणाचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर. एबीसी डिजिलॉकरमधून निघतो. आधारवर आणि मार्कशीटवर नाव वेगवेगळं असेल, आमच्यासारखं माहेरचं-सासरचं, तर हे आधी निस्तरा, ॲडमिशनच्या शेवटच्या दिवशी नाही. ज्यांचं शिक्षण बारावीवर थांबलंय त्यांनी एमबीएच्या नादाला न लागता आयआयटी मद्रासचं डेटा सायन्सचं बीएस बघावं, वयाची अट नाही, मधेच सोडलं तरी सर्टिफिकेट, डिप्लोमा असे टप्पे आहेत. अवघड आहे, पण नाव खणखणीत.

माझा कोर्स एमबीए, त्यात टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट आणि लीडरशिप असं घेतलेलं. चार सेमिस्टर, फी सगळी मिळून दीड लाखाच्या घरात. विषय काय, एकीकडं एसक्यूएल, क्लाउड, सायबर सिक्युरिटी, ॲजाईल, आणि दुसरीकडं ऑर्गनायझेशनल बिहेवियर, चेंज मॅनेजमेंट वगैरे. मला वाटलं होतं टेक्निकल जड जाईल. जड गेलं ते टाईमटेबल. लाईव्ह लेक्चर शनिवार-रविवारी आणि आमच्या कंपनीची सुट्टी सोमवारी! हे मी ब्रोशर वाचताना बघितलंच नव्हतं. रेकॉर्डिंग मिळतं, पण रेकॉर्डिंग म्हणजे फ्रीजमधलं पीठ, उद्या बघू उद्या बघू करत आंबतं. म्हणून कोर्स निवडताना आधी लेक्चरचे वार आणि मागच्या वर्षीच्या परीक्षेच्या तारखा मागून घ्या, सिलॅबस नंतर बघा.

अभ्यास कधी केला तर पहाटे. आमच्या बावड्यात नळाला पाणी पाचला यायचं, तसंही उठावं लागायचंच, मग बॅरल भरेपर्यंत मोबाईल खिडकीत टेकवून दीडपट स्पीडनं व्हिडिओ. कंपनीच्या बसमध्ये तावडे हॉटेलच्या चौकात अडकलं की कानात लेक्चर. रात्री मात्र मी काहीच केलं नाही, दोनदा प्रयत्न केला आणि लॅपटॉपवरच झोपले. सासूबाईंनी सकाळचा डबा स्वतःकडं घेतला म्हणून हे झालं, आणि ते मी ॲडमिशनच्या आधी बोलून घेतलं होतं, "आई, दोन वर्षं माझे सकाळचे दीड तास गेले असं समजा." त्या म्हणाल्या, "दीड तास घे, पण भाकरी तूच कर, माझा हात दुखतोय." ठरलं.

ग्रुप असाइनमेंटची एक गंमत. आम्ही पाच जण, पुण्याचे दोघं, एक नाशिकची, एक नागपूरचा आणि मी. पहिल्या कॉलला मी म्हटलं, "डेटाचा भाग मी करतो." सगळे शांत. पुण्याचा म्हणाला, "करते ना?" आता कोल्हापुरातल्या बायका करतो-जातो म्हणतात हे त्याला कुठून माहीत. शेवटपर्यंत ग्रुपवर माझं नाव 'करतो मॅडम' पडलं. पण काम मीच केलं हेही खरंय, दोघांनी शेवटच्या रात्री स्लाईडचा रंग बदलला तेवढंच.

लीडरशिपच्या पहिल्या निबंधात बहुतेकांनी स्टीव्ह जॉब्ज लिहिला. मी शाहू महाराज लिहिले. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, आणि त्यासोबत वेगवेगळ्या समाजांच्या पोरांसाठी काढलेली वसतिगृहं, म्हणजे नुसता हुकूम नाही तर तिथवर पोचायची शिडीपण, हे चेंज मॅनेजमेंटमध्ये बसवून दाखवलं. मार्क चांगले पडले, पण शेरा आला की संदर्भ नीट द्या. शाळेत सातवीला पाठ केलेलं हे संदर्भ म्हणून चालत नाही हो! तेव्हापासून रेफरन्स लिहायची शिस्त लागली. आणि कॉपी-पेस्ट करू नका, सिमिलॅरिटी चेकिंग असतं, एकाचा अख्खा रिपोर्ट परत आला.

आता प्रोजेक्टचं सांगते, कारण माझे पैसे तिथं वसूल झाले. आमच्याकडं पावसाळा आला की ब्लोहोलचं, म्हणजे ओतलेल्या पीसमध्ये गॅसनं पडणाऱ्या भोकांचं, रिजेक्शन वाढतं. सगळ्यांना माहीत की वाळूत ओल जास्त झाली की गॅस धरतो, ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, मॉइश्चर साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास राहायला पाहिजे, पण कुठल्या हीटला (भट्टीतल्या वितळलेल्या धातूच्या एका खेपेला) किती होतं आणि त्या हीटचे पीस किती गेले हे दोन वेगवेगळ्या रजिस्टरला, दोन वेगवेगळ्या अक्षरात. मी म्हटलं हाच प्रोजेक्ट. गुगल फॉर्म केला, छान ड्रॉपडाऊन, मोल्डिंगच्या सुपरवायझरला लिंक. पहिल्या आठवड्यात आले चार रेकॉर्ड. त्यातले दोन माझेच, टेस्टिंगचे.

मोल्डिंगला आमचे एक मामा आहेत, तीस वर्षं वाळूत गेलेली, मुठीत वाळू दाबून सांगतात ओल किती आहे. मी त्यांना म्हटलं, मामा फॉर्म का भरत नाही? त्यांनी हात दाखवले, काळे, तेलकट. "ह्या हातानं मोबाईल धरू व्हय?" दोन सेमिस्टर मी रेझिस्टन्स टू चेंज पाठ करत होते, ल्युइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं बदलाचं मॉडेल, अनफ्रीझ-चेंज-रिफ्रीझ, परीक्षेत आकृतीसकट लिहून आले होते, आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं की माणसाचा विरोध नाहीये, हात खराब आहेत. मग फॉर्म बंद. मशीनशेजारी काळा बोर्ड लावला, रकाने आखले, खडूनं हीट नंबर आणि मॉइश्चर लिहायचं, शिफ्ट संपली की सुपरवायझर फोटो काढून ग्रुपला टाकणार, एंट्री मी करणार. तीन महिने भरलं त्यांनी, एक शिफ्ट चुकली नाही. त्या डेटावर पॉवर बीआय ह्या चार्ट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हीटनिहाय चार्ट केला आणि मग कळलं की रिजेक्शन जास्त रात्रपाळीच्या पहिल्या दोन तासांत जातंय, कारण त्या वेळेला टेस्टच होत नव्हती, आधीच्या शिफ्टचं रीडिंग पुढं ओढलं जायचं. आता शिफ्ट चालू व्हायच्या आधी टेस्ट होते. मामांची मूठ आणि मीटर बऱ्याचदा जुळतंय, ते वेगळं.

परीक्षेबद्दल. सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला किमान ७० टक्के वजन असतं, असाइनमेंटला जास्तीत जास्त ३०, म्हणजे नुसत्या असाइनमेंटवर तरून जाऊ असं डोक्यात आणू नका. माझ्या परीक्षा घरूनच होत्या, कॅमेऱ्यासमोर, खोली चारी बाजूंनी फिरवून दाखवायची, टेबलावर काही नाही. दुसऱ्या सेमिस्टरला मध्येच दार उघडून सासूबाई, "अगं सिलेंडर आलाय, सुट्टे हायत का?" स्क्रीनवर लगेच वॉर्निंग. दुसऱ्या पेपरला पाऊस आणि लाईट गेली, वायफाय बंद, हॉटस्पॉटवर यायला सात मिनिटं गेली आणि ती मिनिटं परत मिळाली नाहीत. हेल्पलाईनला मेल केला, उत्तर निकालानंतर आलं. त्या पेपरला ४३ पडले. नंतर राउटरचा छोटा यूपीएस घेतला, दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवलं, आणि परीक्षेच्या दिवसांत मैत्रिणीच्या ऑफिसची केबिन. हे तिन्ही पहिल्या दिवसापासून करा.

फायदा काय झाला? प्रमोशन लगेच नाही मिळालं. निकालानंतर सहा महिन्यांनी डेप्युटी मॅनेजर झाले, पगार वाढला पण इन्स्टावरच्या जाहिरातीतल्यासारखा तिप्पट वगैरे नाही. एका जागेसाठी पुण्याहून इंटरव्ह्यूचा फोन आला, तिथं डिग्रीबद्दल एकच प्रश्न आणि त्या काळ्या बोर्डाबद्दल वीस मिनिटं. गेले नाही, मुलीची शाळा इथं आहे.

आणि हो, फीसाठी काउन्सेलर जो 'नो कॉस्ट ईएमआय' गळ्यात मारतात ते कर्ज कुणाच्या नावानं आहे ते वाचा, मधेच कोर्स सोडला तरी हप्ता चालूच राहतो. बँकेचं एज्युकेशन लोन घेतलं आणि जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर व्याजावर ८०ई ची सूट मिळते, त्याचं सर्टिफिकेट बँकेकडून मार्चमध्येच मागून घ्या, जुलैमध्ये रिटर्न भरताना मी शाखेत तीन चकरा मारल्यात.