सेवाक्षेत्रावर आजारी पडलात तर

ख्रिस्ती मिशनच्या कामाला निघणाऱ्यांना प्रशिक्षणात विश्वासापायी होणाऱ्या छळाबद्दल शिकवतात, परक्या संस्कृतीबद्दल शिकवतात, देणग्यांचा हिशेब कसा ठेवायचा तेही शिकवतात. आजारपणावर मात्र एखादं सत्र असतं आणि त्यातला निम्मा वेळ लसींच्या यादीतच संपतो. छळामुळे सेवाक्षेत्र सोडून परतलेली माणसं मला क्वचितच भेटली. तब्येतीमुळे परतलेली भरपूर भेटली. कुणाची स्वतःची तब्येत, कुणाच्या लेकराची, कुणाच्या म्हाताऱ्या आईवडिलांची. म्हणून नव्याने निघालेल्यांसाठी हे लिहितेय.

माझं थोडक्यात सांगते. साक्षरतेचं आणि पवित्र शास्त्राच्या भाषांतराला हातभार लावायचं काम होतं. भाषेचा पहिला टप्पा संपत आला होता आणि आतल्या एका गावात जाऊन राहायचं ठरलं होतं. तेवढ्यात मानेला गाठ आली, संध्याकाळी अंग तापायला लागलं, कपडे सैल झाले. सुईने तपासणी झाली आणि गाठींचा टीबी निघाला. औषधं निदान सहा महिने, आणि तोवर दवाखाना जवळ असलेल्या ठिकाणीच राहायचं. फील्ड लीडरांच्या (तिथल्या कामाच्या प्रमुखांच्या) खोलीत भिंतीवर कामाचा तक्ता होता. त्यांनी माझ्यासमोर त्या गावापुढचं माझं नाव खोडलं आणि दुसऱ्या एका मिशनरी बहिणीचं लिहिलं. शिसपेन नव्हती, पेन होतं.

त्या महिन्यांत मी पुष्कळ रडले. रिफाम्पिसिनच्या गोळीने लघवी नारिंगी होते, घामाला आणि अश्रूंनाही तो रंग येतो. माझ्या रुमालांवर फिकट नारिंगी डाग पडायचे. हे आधी ठाऊक नसलं तर माणूस रक्त जातंय समजून घाबरतो, म्हणून सांगून ठेवते. गोळ्या मात्र मध्येच सोडायच्या नाहीत. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, आणि नेमके तेव्हाच लोक औषध बंद करतात. मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

सोडायचा मोह फक्त बरं वाटल्याने होत नाही. कुणीतरी प्रेमाने हातावर हात ठेवून सांगतं की प्रार्थना झाली आहे, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार, आणि तेही चांगल्या, श्रद्धाळू माणसाकडून. तेव्हा वाद घालू नका, पण गोळी घ्या. हिज्कीया राजाच्या दुखण्यात देवाने त्याची प्रार्थना ऐकली आणि आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून दिली, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचं पोटीस लावायला सांगितलंच. पौल प्रेषिताचा तरुण सोबती तीमथ्य याला पोटाची तक्रार होती, वरचेवर दुखणी येत. पौलाने त्याला विश्वासावर व्याख्यान दिलं नाही. नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घेत जा, असं लिहून कळवलं. त्रफिमाला तर तो मिलेतात आजारी सोडून पुढे गेला. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी लोक बरे होत, त्याचा सोबती आजारीच मागे राहिला, आणि पौल हे एका वाक्यात कळवून मोकळा होतो. स्पष्टीकरण नाही, माफी नाही. मला या वाक्याने जेवढा धीर दिला तेवढा मोठमोठ्या प्रवचनांनी दिला नाही.

पौलाच्या स्वतःच्या बाबतीतही पाहा. शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तर तो आठवण देतो की मी तुम्हाला पहिल्यांदा सुवार्ता सांगितली ती माझ्या आजारपणामुळे. म्हणजे तब्येत बिघडली म्हणून जिथे थांबावं लागलं, तिथेच मंडळी (चर्च) उभी राहिली. आणि बेत बदलायचं म्हणाल तर प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय वाचा: आसिया प्रांतात वचन सांगायला आत्म्याची मनाई झाली, बिथुनियाकडे वळले तर तेही दार बंद, शेवटी त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. या दोन नकारांच्या आणि त्या दृष्टान्ताच्या मधे किती दिवस गेले हे त्या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. आपण मात्र ते तीन ओळींत वाचतो आणि आपल्यालाही तीन ओळींत उत्तर मिळावं अशी अपेक्षा धरतो.

मिशनच्या इतिहासात बदललेल्या बेतांची उदाहरणं ढिगाने आहेत, आणि प्रशिक्षणात ती आवडीने सांगतात. डेव्हिड लिव्हिंगस्टनला चीनला जायचं होतं; अफूचं युद्ध आडवं आलं आणि तो 1841 मध्ये दक्षिण आफ्रिकेत उतरला. हडसन टेलर 1860 मध्ये तब्येत ढासळल्यामुळे चीनमधून इंग्लंडला परतला. तिथल्या वर्षांत त्याने निंगपो या चिनी बोलीतल्या नव्या कराराचं (बायबलच्या दुसऱ्या भागाचं) काम केलं, वैद्यकीचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं केलं, आणि 1865 मध्ये चायना इनलँड मिशनची सुरुवात केली. एमी कारमायकल 1893 मध्ये जपानला गेली, आजारामुळे तिथून निघावं लागलं आणि 1895 मध्ये ती भारतात आली. 1931 मध्ये पडल्यावर तिचं हिंडणंफिरणं जवळजवळ थांबलं. पुढची सुमारे वीस वर्षं, 1951 मध्ये मृत्यू येईपर्यंत, ती बहुतेक खोलीतच होती आणि तिथूनच लिहीत राहिली.

या गोष्टी खऱ्या आहेत. पण फक्त याच ऐकल्या तर नव्या माणसाची फसगत होते. त्याला वाटतं, मी आजारी पडलोय म्हणजे देव काहीतरी मोठं घडवणार, आणि ते मोठं काय याचा शोध तो तापातसुद्धा घेत बसतो. म्हणून दुसऱ्या गोष्टीही ठाऊक असाव्यात. हॅरिएट न्यूएल नवऱ्याबरोबर 1812 मध्ये अमेरिकेहून निघाली. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने राहू दिलं नाही, तेव्हा दोघं मॉरिशसकडे निघाली. वाटेत बोटीवरच तिचं बाळ गेलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉरिशसला क्षयाने तीही गेली. वय एकोणीस. सेवेचं काम म्हणावं असं तिला काही करताच आलं नाही. विल्यम बोर्डनने चीनमधल्या मुसलमानांत काम करायचं ठरवलं होतं. अरबी शिकायला तो कैरोला थांबला आणि 1913 मध्ये तिथेच मेंदूच्या आवरणाच्या तापाने पंचविसाव्या वर्षी वारला. त्यांच्याबद्दल वाचून पुढे कितीजण मिशनला निघाले हे सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. तरी हॅरिएटच्या आईला त्याने काय दिलासा मिळाला असेल? माझं मत विचाराल तर, देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे त्याने हे का केलं याचं कारण आपल्या हाती लागलंच पाहिजे असा हट्ट सोडायचा. कारण कळलं तर ठीक, न कळलं तरी तो देवच आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी एकही उजळ ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्या प्रार्थनेलाही दर वेळी स्तुतीचा शेवट जोडायची गरज नाही.

आता कामाच्या गोष्टी.

निघण्याआधी संस्थेला काही प्रश्न सरळ विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या. तातडीने दुसऱ्या देशात हलवावं लागलं तर निर्णय कोण घेणार, खर्च कोण करणार? विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का, आधीपासूनचे आजार वगळलेत का? तब्येतीमुळे परतलं तर मानधन किती महिने चालू राहतं? व्हिसा एका विशिष्ट प्रकल्पाशी जोडलेला असेल तर प्रकल्प सोडल्यावर त्याचं काय होतं? हे विचारताना आपला विश्वास कमी दिसेल अशी भीती वाटते. वाटू द्या. बुरूज बांधायला बसण्याआधी खर्चाचा अंदाज करावा, हे प्रभूनेच सांगितलंय.

एका कागदावर रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधांची मूळ नावं (कंपनीची नावं देशागणिक बदलतात), घेतलेल्या लसी आणि तुम्ही तापात असताना तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा नंबर लिहून ठेवा. पीतज्वराची लस लागणार असेल तर ती वेळेत घ्या. तिचा दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो. ताप आला आणि तो डेंग्यू असण्याची शक्यता असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायचं, पॅरासिटामॉल चालतं, आणि डॉक्टरांना दाखवायचं. मलेरियाच्या भागातून परतल्यावर काही महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना तिथे राहून आल्याचं आपणहून सांगा. मलेरियाचा एक प्रकार यकृतात दडून राहतो आणि बऱ्याच काळाने पुन्हा डोकं वर काढतो. आणखी एक. मलेरिया टाळण्यासाठी मेफ्लोक्विन दिलं असेल तर काहींना त्याने भयानक स्वप्नं पडतात, जीव घाबरा होतो, उदासी येते. आमच्यातल्या एका भावाच्या अशा रात्रींना सैतानाचा हल्ला समजून लोक उपास-प्रार्थना करत होते. गोळी बदलल्यावर तो शांत झोपायला लागला. (प्रार्थना वाया गेली असं मी म्हणत नाही; कुणालातरी गोळीची आठवण झाली ती त्या प्रार्थनेतच.)

आजारात मोठे निर्णय घेऊ नका. राजीनाम्याचं पत्र तापात लिहिलं जातं आणि त्याची भाषा फार आध्यात्मिक असते. ते लिहा हवं तर, पण पाठवू नका. अंगात ताकद आल्यावर, एखाद्या समजूतदार वडीलधाऱ्याबरोबर वाचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याच्याशी पाचारणाची, म्हणजे त्याला कामाला बोलावल्याची, चर्चा केली नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. प्रश्न नंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. लांबलेल्या आजारात मनही आजारी पडतं, आणि झोप उडाली, शास्त्र उघडावंसं वाटेना, जगणं नको झालं, तर त्यावरही डॉक्टर आणि समुपदेशक असतात. त्यांच्याकडे जायचं.

पाठवणाऱ्या मंडळीला काय कळवायचं, हा सगळ्यांना छळणारा प्रश्न. प्रार्थनापत्रात लोक दोन प्रकारचं लिहितात: एक तर 'थोडी तब्येत बरी नाही, प्रभू विश्वासू आहे', नाहीतर सगळे रिपोर्ट. दोन्ही नकोत. आजाराचं नाव, किती काळ लागेल, काम कोण बघतंय, आणि तुमच्या मनाची खरी स्थिती, एवढं पुरे. देणगीदार निघून जातील ही भीती मलाही होती. एक-दोन गेलेही. पण एका आजीबाईंनी उत्तर लिहिलं की इतकी वर्षं तुझ्या पत्रातल्या यशासाठी प्रार्थना करत होते, आता तुझ्यासाठी करते.

बिछान्यावर पडल्यावर माझ्या भाषेचं काय झालं, तेही सांगते, कारण त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. भाषा शिकवणाऱ्या बाई रोज यायच्या थांबल्या नाहीत. धड्याचं पुस्तक बाजूला पडलं आणि दुखणं, भूक न लागणं, भीती, लाज यांचे शब्द आले. शेजारच्या बायका यायच्या. आधी मी त्यांच्याकडे जायची ती काहीतरी द्यायला, शिकवायला. आता त्या माझं पाणी भरायच्या आणि मी ऐकायची. टीबी झालेल्या आपल्या सुनेबद्दल एकीने दार लावून घेऊन मला सांगितलं, कारण मलाही तोच रोग होता. निरोगी मिशनरीण म्हणून मी तिथे दहा वर्षं राहिले असते तरी ते मला ऐकायला मिळालं नसतं. हे आजाराचं कारण होतं असं मात्र मी म्हणणार नाही. एवढंच की ते घडलं.

आणि एक जरा टोचणारी गोष्ट. माझ्याशिवाय त्या गावातलं काम छान चाललं. माझ्या जागी गेलेल्या बहिणीचं तिथल्या बायकांशी माझ्यापेक्षा जास्त जमलं. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला, पण जरा उशिराने. आपल्या पाचारणात आपला किती मान मिसळलेला असतो, हे तक्त्यावरून नाव गेल्यावर समजतं. हे दुःख टाळता येत नाही, आणि ते पाप आहे असंही समजू नका. प्रार्थनेत नाव घेऊन बोलायचं: मला हेवा वाटतोय प्रभू, मला ते गाव हवं होतं.

बरं वाटल्यावर परत जायचं की नाही, हे एकट्याने ठरवू नका. डॉक्टरांचं मत लेखी घ्या, संस्थेशी बोला, घरच्यांना विचारा, आणि बहुतेक जण ज्यांना विचारायला विसरतात त्या स्थानिक मंडळीच्या वडिलांनाही (तिथल्या पुढाऱ्यांनाही) विचारा. तुम्ही परत यावं असं त्यांना वाटतं का, आणि कशासाठी? आमच्या इथल्या वडिलांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं की ताई, या जरूर, पण गाव आता चालतंय, तिथे नको. भाषांतराचा मसुदा गावकऱ्यांना वाचून दाखवून त्यांना काय समजलं ते टिपायला माणूस हवंय. दवाखान्याच्या जवळ राहून करता येण्यासारखं ते काम होतं. मी सध्या तेच करते.