ट्रॅप ऐकताना चेन, घड्याळं आणि गाड्या कशा समजून घ्यायच्या

ट्रॅप (अमेरिकन रॅपचा एक प्रकार) लावलं की पहिल्याच मिनिटात पाटेक, रिचर्ड मिल ही महागडी घड्याळं, मेबॅक गाडी, आणि लोक "नुसता पैशाचा माज" म्हणून गाणं बंद करतात. माज आहेच हो, पण तो आला कुठून हे कळलं की ऐकायला जाम मजा येते.

आधी अमेरिकेतलं अटलांटा शहर डोक्यात ठेवा. तिथे ट्रॅप म्हणजे ड्रग्ज विकायचं घर, तिथल्या टी.आय. या रॅपरने तर 2003 मध्ये अल्बमच्या नावातच हा शब्द घातला. त्या धंद्यातला पैसा सगळा रोख, बँकेत टाकला तर हिशोब कोण देणार, मग तो गळ्यात आणि गाडीत दिसतो.

मग चार शब्द पाठ करा. आइस म्हणजे हिरे, रॅक म्हणजे हजार डॉलर, व्हीव्हीएस ही हिऱ्याच्या शुद्धतेची ग्रेड. बस्ट डाऊन नीट समजून घ्या: महागडं घड्याळ घ्यायचं आणि बाहेरच्या ज्वेलरकडून पट्ट्यापासून डायलपर्यंत हिऱ्यांनी मढवून घ्यायचं. रोलेक्सवर असं काम केलं की कंपनीची वॉरंटी जाते, घड्याळाचे शौकीन तर कपाळाला हात लावतात, पण रॅपरला त्याचं काय, श्रीमंतांची वस्तू घेतली ना, आता ती त्यांच्या नियमाने कशाला घालायची! मला तरी हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

चेन दिसली की पैसे कोणाचे ते बघा. रॅपर गुची मेनच्या लेबलचं (म्हणजे म्युझिक कंपनीचं) 1017 किंवा क्वालिटी कंट्रोल या लेबलचं क्यूसी असं लॉकेट असेल तर त्याचा अर्थ पोरगा टीममध्ये आला, श्रीमंत झालाच असं नाही, कारण लेबलचा ॲडव्हान्स नंतर त्याच्याच रॉयल्टीतून कापला जातो. व्हिडिओतल्या गाड्याही बऱ्याचदा भाड्याच्या.

कधीकधी प्रकरण हाताबाहेर जातं ते वेगळं. रॅपर लिल उझी व्हर्टने 2021 मध्ये थेट कपाळात गुलाबी हिरा बसवून घेतला आणि त्याच वर्षी मायामीच्या रोलिंग लाऊड या म्युझिक फेस्टिव्हलमध्ये गर्दीत उडी मारल्यावर तो उपटला गेला (हिरा मिळाला म्हणे परत).

आणि ब्रँडचं नाव आलं की लगेच पुढची ओळ सोडू नका, जेलमधला भाऊ, गेलेला मित्र, आईला घेतलेलं घर बऱ्याचदा तिथेच येतं. सुरुवात 2003-05 च्या टी.आय. आणि जीझीपासून करा, मग 2013 च्या मिगोस या ग्रुपवर या, आधी ड्रग्जच्या मालाच्या गोष्टी जास्त आणि नंतर कपड्यांच्या, हा फरक आपोआप कानाला लागतो.