आधी वरचा पाऊस बघा, मग कॅन्यनमध्ये उतरा

माझं माहेर नाशिकच्या पंचवटीतलं, रामकुंडापासून पाच मिनिटांवर. पावसाळ्यात शहरात लख्ख ऊन असलं तरी गोदाकाठचे दुकानदार सामान हलवायला लागायचे. त्र्यंबकला रात्रभर पाऊस झालेला असायचा आणि गंगापूर धरणातून पाणी सुटलेलं असायचं. काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, ही आमची मोजपट्टी. अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोनाच्या कॅन्यनमध्ये, म्हणजे खडकातल्या खोल, अरुंद दऱ्यांमध्ये, उतरणाऱ्या माणसाला नेमकं हेच कळावं लागतं: डोक्यावरचं आकाश बघून काही ठरत नाही, वर कुठे पाऊस पडतोय ते बघायचं.

माझी मुलगी फिनिक्सला असते. तिच्याकडे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा मॉलऐवजी वाळवंटात फिरले. पंचवीस वर्षं हरिहर, अंजनेरी, रतनगड करून झाले होते, सांदण दरी, म्हणजे आपल्याकडची तशीच अरुंद भेग, चारदा. आता ओळखीतले बरेच जण मुलांकडे निघालेत आणि विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तिथेही मॉन्सून असतो आणि त्याला मॉन्सूनच म्हणतात, साधारण जुलै ते सप्टेंबर. पण तो आपल्यासारखा दिवस-दिवस झड लावत नाही. सकाळ निरभ्र जाते, दुपारी ढग फुगतात आणि एखाद्याच पट्ट्यात तासभर कोसळतो. खाली उघडा वालुकाश्म आणि कडक जमीन, झाडोरा जवळजवळ नाही, त्यामुळे पाणी मुरत नाही. सगळं वाहत जाऊन कॅन्यनच्या अरुंद भेगेत शिरतं. काही भेगा इतक्या चिंचोळ्या असतात की दोन्ही हात पसरता येत नाहीत. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, तेव्हा पाऊस काही मैल लांब झाला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅन्यनमध्ये अशाच पुरात सात जणांचा जीव गेला. हे आकडे घाबरवायला देत नाही. आपण सांदणला पावसाळ्यात उतरत नाही, त्याचंच कारण तिथे लागू आहे, एवढं कळावं म्हणून देते.

तर पहिलं काम सकाळी उठल्यावर करायचं. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तिथल्या पार्कांसाठी रोज अचानक पुराचा अंदाज देते. त्याच्या चार पायऱ्या आहेत: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. मी स्वतःसाठी ठरवलेला नियम सांगते. पहिली पायरी असेल तरच भेगेत उतरायचं. ‘शक्य’ असेल तर उघड्यावरचा ट्रेक आणि त्यापुढे काहीही असलं तर गावात थांबायचं.

पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही झायनला पोचलो तेव्हा पायरी ‘संभाव्य’ होती. जावई म्हणाला, “आई, एवढं निळं आकाश आहे, सहा तास गाडी चालवून आलोय.” मी म्हटलं, “अरे, रामकुंडावरसुद्धा आकाश निळंच असतं.” आम्ही गेलो नाही. चारच्या सुमाराला झायनमधली व्हर्जिन नदी चहाच्या रंगाची झाली आणि तिच्यातून ओंडके वाहू लागले. पुलावर उभं राहून ते बघताना जावई बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गेलो आणि झायनमधला ‘द नॅरोज’ हा नदीतून चालायचा ट्रेक केला. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी, कारण दोर लागत नाही. नदी हीच वाट. शटल बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथून मैलभर पक्की पायवाट आहे आणि ती संपली की पाण्यात पाय. दोन्ही बाजूंना हजार फुटांचे कडे. खालून वर जाऊन परत यायला परवाना लागत नाही, पण बिग स्प्रिंगच्या पुढे, म्हणजे साधारण आठ किलोमीटरनंतर, जाऊ देत नाहीत. वरून खाली सोळा मैल उतरायचे तर परवाना हवा. नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की वाट बंद करतात. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा बऱ्याचदा बंदच असते. पेपरात विसर्गाचे आकडे वाचत वाढलेल्या नाशिककराला क्युसेक समजावायला नको.

तळाशी नारळाएवढे गुळगुळीत गोटे आहेत. गुडघ्यापुरतं पाणीसुद्धा पाय ओढतं. हातात लाकडी काठी हवीच, ती नेहमी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवायची आणि मगच पाऊल उचलायचं. बूट निचरा होणारे हवेत. वॉटरप्रूफ बुटात शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. झायनजवळच्या स्प्रिंगडेल गावात बूट, निओप्रिनचे (थंडी रोखणारे रबरी) मोजे आणि काठी भाड्याने मिळते, घ्या, त्यात पैसे वाचवू नका. सुती कपडे नकोत. बाहेर कितीही ऊन असलं तरी भेगेत ते पोचत नाही, ओला सुती शर्ट अंगाला चिकटला की तासाभरात दात वाजायला लागतात. आणि त्या नदीत विषारी शेवाळ आढळलंय, म्हणून तीर्थ म्हणूनसुद्धा ओंजळ तोंडाला लावू नका.

पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, वरून गडगडाटासारखा आवाज आला, तर बाहेरच्या दिशेने पळायचं नाही. पाणी आपल्यापेक्षा वेगाने येतं. जिथे आहात तिथून उंच जागा गाठायची आणि ओसरेपर्यंत तिथेच बसायचं. चालताना दर थोड्या वेळाने मी ‘इथून वर कुठे चढेन?’ हे बघून ठेवत होते.

दोर लावून उतरायच्या कॅन्यनची गोष्ट वेगळी. त्यांची काठिण्यश्रेणी लिहितात ती अशी वाचा: आधी १ ते ४ आकडा, ३ पासून पुढे दोर लागतोच. मग अक्षर, ‘ए’ म्हणजे कोरडी किंवा थोडं पाणी, ‘बी’ म्हणजे साचलेल्या पाण्यात पोहावं लागेल, ‘सी’ म्हणजे वाहतं पाणी. शेवटचा रोमन आकडा वेळेचा. सांदणला आपला ग्रुप वर माणूस ठेवतो, बिले देतो, म्हणजे उतरणाऱ्याला दुसऱ्या दोराने सांभाळतो, त्यामुळे रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणं, येतं असं आपल्याला वाटतं. तिथे शेवटचा माणूस उतरला की दोर खाली ओढून घेतात आणि त्या क्षणी परतीची वाट संपते. पुढचे सगळे टप्पे उतरावेच लागतात. आधीच्यांनी दोर अडकवायला ठेवलेला पट्टा उन्हाने कुजलेला असू शकतो, तो तपासता आला पाहिजे.

तिथे रांजणखळगेही आहेत, आपल्या निघोजसारखेच, पण वालुकाश्मातले. काठोकाठ भरलेला असेल तर पोहून पार होतो. अर्धा रिकामा असेल तर भिंती गुळगुळीत, हाताला काही लागत नाही, आत पडलेला माणूस एकट्याने बाहेर येऊ शकत नाही. म्हणून पहिली दोरीची कॅन्यन गाइडबरोबरच करा. झायन पार्कच्या आत अशा दोरीच्या कॅन्यनसाठी व्यावसायिक गाइडला परवानगी नाही, पण बाहेरच्या जमिनीवरच्या कॅन्यनसाठी स्प्रिंगडेल, कनाब, मोॲब इथे मिळतात. अँटिलोप नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे, तिथे त्यांच्या गाइडशिवाय प्रवेशच नाही.

ग्रँड कॅन्यनबद्दल एकच पण महत्त्वाचं. किल्ल्यावर चढ आधी, ताज्या पायांनी, आणि उतार नंतर. तिथे उलटं आहे: उतरताना सगळं सोपं, आणि थकल्यावर, ऊन चढल्यावर चढाई. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. उन्हाळ्यात १० ते ४ चालू नका. साउथ कैबाब वाटेवर पाणी नाही, पहिल्यांदा सीडर रिजपर्यंत, म्हणजे अडीच किलोमीटरभर जाऊन मागे फिरा. घाम जागच्या जागी उडतो, त्यामुळे आपण किती सुकलो ते कळतच नाही. पण नुसतं पाणी ढोसलं तरी रक्तातलं मीठ उतरतं आणि गरगरायला लागतं, म्हणून बरोबर खारं हवं. मी चिवडा आणि खारे शेंगदाणे नेले होते. विमानतळावर कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत हे सांगा, ताजी फळं नेऊ नका.

पाय कुठे ठेवताय तेही बघा. वाटेबाहेर काळपट, खरबरीत, फुगलेली माती दिसेल. ती जिवंत असते, शेवाळ आणि दगडफुलांनी बांधलेली, एका पावलाने मोडली तर भरून यायला दशकं लागतात. दगडावरून किंवा ओहोळाच्या वाळूतून चाला.

निघण्यापूर्वी घरी कागद ठेवा: कोणती कॅन्यन, गाडी कुठे, किती वाजता बाहेर येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. भेगेत फोन लागत नाही. २००३ मध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकट्याने उतरलेल्या ॲरॉन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात दगडाखाली सापडला तेव्हा तो कुठे गेलाय हे कोणालाच माहीत नव्हतं. पाच दिवसांहून जास्त तो तिथे अडकला. आमचा कागद मुलीच्या फ्रिजवर लावलेला होता, खाली बचावपथकाचा नंबर आणि वेळ, संध्याकाळी सात. मी साडेपाचला फोन केला.