आधी धार बघा, मग प्रिंटर लावा

थ्री-डी प्रिंटरने हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा पदार्थ, छापायला शिकवताना मी नव्या मुलामुलींना पहिले दोन दिवस प्रिंटरला हात लावू देत नाही. सिरिंज, सुई आणि घड्याळ, एवढंच देते. सिरिंज उभी धरायची, दट्ट्या हळू दाबायचा आणि सुईच्या टोकाशी काय येतं ते बघायचं. थेंब जमून टपकला तर जेल पातळ आहे. गुळगुळीत धागा निघून दोन-तीन सेंटिमीटर लोंबत राहिला तर काम होणार. धागा खडबडीत, तुटक आला तर जेल जास्त घट्ट झालंय. निम्मं निदान इथेच होतं. प्रिंटरच्या पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही.

आपली मागणीच मुळात विचित्र असते: सुईतून जाताना पदार्थ पातळ व्हावा आणि बाहेर पडल्या पडल्या सावरून बसावा. अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा चिकट पदार्थ) आणि जिलेटिन यांचं मिश्रण हे बऱ्यापैकी निमूट करतं, म्हणून सुरुवात त्यानेच करा. १०० मिलिलिटर पाण्याला जिलेटिन ८ ग्रॅम आणि सोडियम अल्जिनेट ४ ग्रॅम. पाणी ४५ ते ५० अंश सेल्सिअसवर ठेवून आधी जिलेटिन विरघळवा. मग ढवळणं चालू ठेवून अल्जिनेट चिमटी-चिमटीने भुरभुरा. एकदम ओतलंत तर बाहेरून ओली, आतून कोरडी गुठळी होते, आणि ती नेमकी सुईतच जाऊन बसते. मी रात्रभर ३७ अंशांवर संथ ढवळत ठेवते. ऊब असतानाच सिरिंजमध्ये भरून सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) बुडबुडे काढा. राहिलेला एक बुडबुडासुद्धा मध्येच धार तोडतो.

तापमानाशी मी बरीच झुंजले आहे. थंड झाल्यावर जिलेटिनचं जेल होतं, पण ते क्षणात होत नाही. तासाभरानंतरही घट्ट होणं सुरूच असतं. त्यामुळे वहीत नुसतं ‘२५ अंश’ लिहून भागत नाही, ‘२५ अंशांवर ३० मिनिटं’ असं लिहा. मी लिहीत नव्हते. सकाळची जाळी सुरेख यायची, दुपारची भंगलेली, आणि मी आठवडाभर दाबाला दोष देत बसले.

सुई २२ गेजची घ्या, आतला व्यास साधारण ०.४१ मिलिमीटर. शंकूच्या आकाराची प्लास्टिकची तोटी मिळाली तर उत्तमच, तेवढ्याच तोंडाला दाब कमी लागतो. बारीक सुईचा मोह आवरा. सरळ सुईत साध्या द्रवासाठी व्यास निम्मा केला की तोच प्रवाह राखायला १६ पट दाब लागतो. आपलं जेल ताणाखाली पातळ होतं, म्हणून एवढा लागत नाही. पण जेलमध्ये जिवंत पेशी असतील तर त्या ताणानेच मरतात.

दाब डोळ्यांनी जुळवू नका, तराजूने जुळवा. प्रिंटरचा वेग सेकंदाला १० मिलिमीटर आहे आणि धागा ०.४१ मिलिमीटर जाडीचा हवा आहे असं धरू. त्याचं छेदक्षेत्र ०.१३ चौरस मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला जवळपास ८० घन मिलिमीटर जेल. घनता पाण्याच्या आसपासच, म्हणून वजन सुमारे ८० मिलिग्रॅम. काचपट्टीवर मिनिटभर धार सोडा आणि तोला. १२० भरलं तर दाब उतरवा, ५० भरलं तर चढवा.

पहिली वस्तू म्हणून २० मिलिमीटरची चौकोनी जाळी छापा, चार थर, प्रत्येकी ०.३ मिलिमीटर. सुई फार उंच असली तर धागा वेटोळे घालतो, फार खाली असली तर आधीचा थर खरवडते. छापून झाल्यावर जाळीची भोकं बघा. फोटोवरून भोकाची परिमिती मोजा, तिच्या वर्गाला क्षेत्रफळाच्या १६ पटीने भागा. चोख चौकोनाला १ येतो, पूर्ण गोल भोकाला ०.७९. आकडा १ पासून खाली सरकू लागला की जेल पसरतंय.

आता कॅल्शियम, अल्जिनेट घट्ट होतं ते त्यानेच. १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडसाठी लिटरला निर्जल भुकटी ११.१ ग्रॅम लागते, डायहायड्रेट (पाणी धरलेली) असेल तर १४.७, बरणीवरचं लेबल वाचल्याशिवाय तोलू नका. द्रावण ओतायचं नाही. मी पहिल्यांदा ओतलं, तर जाळी काचेवरून सुटून तरंगत कडेला गेली. आधी बारीक फवारा मारा, कड धरली की १० मिनिटं बुडवा. फवाऱ्याआधी सुई लांब न्या, नाहीतर टोकातलं जेलही घट्ट होतं.

धुताना फॉस्फेटयुक्त सलाइन नको. फॉस्फेट कॅल्शियमला धरून पांढरा गाळ करतो आणि जाळी सैल पडते. ३७ अंशांवर ठेवणार असाल तर जिलेटिन हळूहळू निघून जाणार हे धरूनच चाला. उरतं ते अल्जिनेट.

हवेत अधांतरी कमानी छापायच्या असतील तर हे मिश्रण दगा देईल. त्यासाठी जिलेटिनच्या कणांच्या लगद्यात छापून, नंतर तो लगदा ३७ अंशांवर वितळवून काढण्याची पद्धत आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी ती २०१५ मध्ये मांडली. पण आधी जाळी जमू द्या.

अडकलेल्या सुया फेकू नका. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून मी त्या रात्री सोडियम सायट्रेटच्या द्रावणात टाकून जाते. सकाळी सिरिंजने कोमट पाणी मारलं की मोकळ्या.