बंद पडणारा ऑनलाइन गेम जपताय? मग या चुका टाळा

कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर, गेम पुन्हा चालू करायला माझ्याकडे मदत मागायला येणं, ही पहिली चूक. बाकीच्या बऱ्याचशा चुका हिच्याच पोटातून निघतात.

फोल्डर कॉपी केलं म्हणजे गेम वाचला

मला सगळ्यात जास्त वैताग आणणारी चूक हीच. ऑनलाइन गेमचं तुमच्या पीसीवर असतं ते म्हणजे चित्रं, आवाज, नकाशे. तुमच्या गॅरेजमध्ये कोणती गाडी आहे, खात्यात पैसे किती, शर्यत कोण जिंकलं, हे सर्व्हर ठरवतो आणि तो कंपनीकडे असतो. युबिसॉफ्टचा 'द क्रू' डिसेंबर २०१४ मध्ये आला आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशिवाय चालत नव्हता, त्यामुळे ज्यांच्या कपाटात डिस्क होती तेही हात चोळत बसले.

नाशिकच्या सिडकोतल्या एका मुलाचं असंच झालं. रेसिंगचा गेम, बंद होण्याची नोटीस दोन महिने आधी आलेली. हा पठ्ठ्या शेवटच्या रात्री जागा झाला. सगळं फोल्डर हार्ड डिस्कवर घेतलं आणि सकाळी माझ्याकडे हजर, 'दादा, आता आपला सर्व्हर टाकू.' उघडून पाहिलं तर निम्मे ट्रॅकच नाहीत. त्या गेमचा लाँचर (गेम सुरू करणारा प्रोग्रॅम) लागेल तसा ट्रॅक उतरवून घ्यायचा, आणि हा दोन वर्षं त्याच दोन-तीन ट्रॅकवर गाडी फिरवत बसलेला. सर्व्हरशी काय बोलणं व्हायचं याची नोंद तर शून्य. त्याने चार रविवार शांतपणे सगळे रस्ते पालथे घातले असते, तर निदान सामान तरी पूर्ण हाती आलं असतं.

माझी सवय सांगतो. नोटीस आली की आधी ऑटो अपडेट बंद, कारण शेवटचा अपडेट कधीकधी 'धन्यवाद, निरोप घेतो' एवढंच दाखवणारा असतो. मग गेमच्या फोल्डरसोबत अ‍ॅपडेटा आणि प्रोग्रॅमडेटा या विंडोजच्या फोल्डरांमधल्या फाइल्सही घ्यायच्या. जुने पॅच असतील तर फेकायचे नाहीत. 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला, पण चाहत्यांनी उभा केलेला एसडब्ल्यूजीईएमयू सर्व्हर त्याची कित्येक वर्षं आधीची आवृत्ती जिवंत करतो. कोणती आवृत्ती उद्या लागेल, हे आज कोणालाच ठाऊक नसतं.

वायरशार्क चालू केलं आणि झोपी गेले

नाशिकरोडच्या एका ग्रुपने मला मोठ्या अभिमानाने एक हार्ड डिस्क आणून दिली. आत कॅप्चरच्या, म्हणजे गेम आणि सर्व्हरमधली ये-जा वायरशार्क या प्रोग्रॅमने टिपलेल्या फाइल्सचा ढीग. नावं काय, तर टेस्ट, टेस्ट२, फायनल, फायनल खरं. कोणत्या फाइलमध्ये गाडी विकत घेतली, कोणत्यात मित्राला आमंत्रण पाठवलं, कुठेच लिहिलेलं नाही. त्यावर कडी म्हणजे सगळी ये-जा टीएलएसने, म्हणजे सांकेतिक रूपात, बंदिस्त आणि ती उघडणाऱ्या सेशनच्या की (किल्ल्या) कोणीच जपलेल्या नाहीत. तोवर सर्व्हर बंद झालेला. ती डिस्क मी फॉरमॅट करायला सांगितली, तर दोन जण रुसले.

एका वेळी एकच कृती करा आणि तिची वेगळी फाइल ठेवा. फाइलच्या नावात कृती लिहा, वहीत वेळ टिपा. हो, वहीत, पेनाने. कॅप्चरमधला मजकूर नुसता वाचता तरी येतोय का, हे पहिल्याच दिवशी तपासा. वाचता येत नसेल तर गेम आणि सर्व्हरच्या मध्ये राहून ये-जा उलगडणारं एमआयटीएमप्रॉक्सी बसवून पाहा. गेम त्याचं परकं सर्टिफिकेट (ओळखपत्र) नाकारत असेल, तर चालत्या गेमच्या मेमरीतून की काढाव्या लागतात. ते नवशिक्याचं काम नाही. जाणकाराला गाठा, पण सर्व्हर चालू असताना. दुरुस्तीचा व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहून हे जमत नाही.

आणखी काही, थोडक्यात

सर्व्हरच्या कोडची एक ओळ लिहायच्या आधी लोगो आणि डिस्कॉर्ड तयार करणारे ग्रुप मी खूप पाहिलेत. लोगो छान असतात.

टेलिग्रामवरचा रिपॅक, म्हणजे कोणीतरी परत बांधून दिलेला गेम, हे जतन नव्हे. त्यातल्या फाइल्स कोणी कशा बदलल्यात देव जाणे. मूळ प्रत घ्या, तिचा एसएचए-२५६, म्हणजे फाइल बदलली तर लगेच कळवणारा ठसा, काढून ठेवा.

एकच हार्ड डिस्क, तीही खिडकीजवळच्या फळीवर, आणि बाहेर नाशिकचा जुलै. दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा.

व्हिडिओ काढताना फक्त स्वतःचे पराक्रम नकोत. दुकान, सेटिंग, रिकामी लॉबी, एररचे मेसेज, सगळं घ्या. सर्व्हर पुन्हा लिहिणाऱ्याला तेच लागतं.

कंपन्यांनी विकलेले गेम खेळता येतील असे ठेवावेत, अशी मागणी करणाऱ्या युरोपीय संघातल्या 'स्टॉप डिस्ट्रॉइंग व्हिडिओगेम्स' या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा आकडा ओलांडला. आपल्याकडच्या काहींना उत्साहाने खोटा पत्ता टाकून सही करायची होती. तो अर्ज तिथल्या नागरिकांसाठीच होता, आणि बनावट सह्यांनी त्यांचंच नुकसान होतं.

चाहत्यांच्या सर्व्हरवर पैसे कमवायला जाऊ नका. 'सिटी ऑफ हीरोज' नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला, आणि होमकमिंग या चाहत्यांच्या सर्व्हरला कंपनीचा अधिकृत परवाना जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. उलट 'क्लब पेंग्विन रीरिटन' हा चाहत्यांचाच सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये बंद पडला, लंडनमध्ये तिघांना अटक झाली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ वैध प्रतीचा बॅकअप घेऊ देतं, पण कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दल कलम ६५ए आहे. दोन्ही वाचा, मग वाद घाला.

आणि कॅप्चरच्या फाइल्स गूगल ड्राइव्हवर सगळ्यांना उघड्या टाकू नका. त्यात तुमचं लॉगिन असतं, समोरच्यांच्या गप्पाही असतात. एकाने तो पासवर्ड ईमेललाही वापरला होता. पासवर्ड बदला, गप्पा गाळा, मगच फाइल पुढे द्या.